मेहेरबानी नव्हे, हक्क!

पहिल्या महायुद्धात पोटात गोळ्या झेललेला एक तरुण वकील त्यानंतर एकसष्ट वर्षे जगला. सैनिकाच्या पेन्शनपासून जगातल्या प्रत्येक माणसाच्या हक्कांपर्यंत त्याने एकच दावा लढवला. फ्रान्सच्या रेने कासँ यांच्या दीर्घ आयुष्याची ही ओळख.

ऑक्टोबर १९१४. फ्रान्सच्या ईशान्येकडील रणभूमीवरून एक आगगाडी दक्षिणेकडे निघालेली आहे. तिच्यात एक जखमी कार्पोरल पडून आहे. वयाची सत्तावीस वर्षे नुकतीच पुरी झालेली. सँ-मिएल या गावाजवळच्या चढाईत १२ ऑक्टोबरला मशीनगनच्या गोळ्या त्याच्या पोटात, कुशीत आणि दंडात शिरल्या. त्या काळी पोटात गोळी लागलेला सैनिक सहसा वाचत नसे. अशा माणसावर जवळच्या रुग्णालयात तातडीने उपचार व्हावेत, हे कोणीही सांगेल. पण सरकारी नियम निराळा होता. सैनिक ज्या पलटणीचा, त्या पलटणीच्या मुक्कामीच त्याच्यावर उपचार व्हायचे. या तरुणाची पलटण दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरची. म्हणून हा मरणासन्न माणूस फ्रान्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आंतीब गावापर्यंत नेण्यात आला. प्रवासाला काही दिवस लागले. तिथे पोहोचल्यावर पूर्ण भूल न देताच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

माणूस वाचला. पोटाला आधार देणारा पट्टा मात्र त्याच्या अंगाला कायमचा चिकटला. पुढे तो कायद्याचा प्राध्यापक झाला, राष्ट्रसंघात गेला, निर्वासित सरकारचा कायदेपंडित झाला, देशाच्या सर्वोच्च न्यायसंस्थांत बसला, नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. या साऱ्या प्रवासात तो पट्टा सोबत होता. सरकारी नियम माणसाच्या जिवापेक्षा मोठा ठरला की काय होते, याची आठवण त्याला कुणी करून द्यावी लागत नव्हती.

या माणसाचे नाव रेने कासँ. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर पडत नाही. शाळेच्या पुस्तकात १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन म्हणून आपण वाचतो, पण त्या दिवसामागे असलेल्या माणसांपैकी एखाद-दुसराच आपल्याला आठवतो. कासँ यांचे आयुष्य मात्र ज्यांच्या घरात पेन्शनीचे पुस्तक जपून ठेवलेले आहे, अशा प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा

कासँ यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८७ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बायोन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण गेले नीस शहरात. वडील व्यापारी, विचाराने कट्टर प्रजासत्ताकवादी, देवधर्मापासून दूर. आई मात्र धर्म पाळणारी. त्यांचे माहेर आल्सासकडचे आणि माहेरचे आडनाव द्रेफ्यूस. कॅप्टन द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा लहानगा रेने सात वर्षांचा होता. त्या प्रकरणाने फ्रान्सची घरेच्या घरे दुभंगली. राज्य चुकले तरी ते चूक कबूल करायला किती वर्षे घेते, हा धडा त्या पिढीतल्या ज्यू मुलांना जेवणाच्या टेबलावरच मिळाला.

रेने अभ्यासात हुशार. एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे त्यांनी साहित्य, इतिहास आणि कायदा यांचा अभ्यास केला, मग पॅरिसला जाऊन वकिली सुरू केली. १९१४ साली, युद्ध तोंडावर असताना, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय वरवर पाहता अगदी रुक्ष होता. करार दोन पक्षांमध्ये झालेला असतो. एका पक्षाने आपले वचन पाळले नाही तर दुसऱ्यालाही आपले वचन राखून ठेवण्याचा अधिकार आहे काय? घर विकत घेणारा ठरलेले पैसे देत नसेल तर विकणाऱ्याने किल्ल्या का द्याव्यात, असा हा साधा व्यवहारी प्रश्न. पुढच्या तीस वर्षांत हाच प्रश्न कासँ यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा, निरनिराळी रूपे घेऊन उभा राहणार होता.

ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि वकीलसाहेब पायदळात भरती झाले. जेमतेम दोन महिन्यांत त्यांचे युद्ध संपले. शौर्यपदके मिळाली, सैन्यातून मोकळीक मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी सिमोन यांच्याशी लग्न केले आणि ते कायदा शिकवू लागले. आता सुखाने संसार करायला हरकत नव्हती.

देशाने केलेला करार

पण आजूबाजूला पाहावे तिकडे लंगडणारी, आंधळी झालेली, फुप्फुसात विषारी वायू गेलेली माणसे होती. या युद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मारले गेले. जे परतले त्यांतले लाखो कायमचे अधू झाले होते. त्यांच्यासाठी असलेला पेन्शनचा कायदा होता १८३१ सालचा! त्या कायद्याप्रमाणे आपली दुखापत लष्करी सेवेमुळेच झाली, हे सैनिकाने स्वतः सिद्ध करायचे. खंदकात मातीखाली गाडला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा, ज्याचे सारे साथीदार मेले, तो साक्षीदार कुठून आणणार? आणि कागदपत्रे कुठल्या खंदकात शोधणार?

कासँ यांच्यातला वकील इथे जागा झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. राज्याने तरुणांना घरातून उचलले आणि शरीर मागितले. तरुणांनी ते दिले. हा करारच आहे. एका पक्षाने आपला वाटा चोख दिला, आता दुसऱ्या पक्षाची पाळी. म्हणून पेन्शन ही सरकारची दया नाही, देवळाबाहेर टाकलेले नाणे नाही. ती देणेकऱ्याने फेडायची रक्कम आहे.

जखमी सैनिकांच्या विखुरलेल्या संस्थांचा एक महासंघ उभा राहिला. कासँ त्याच्या संस्थापकांपैकी एक होते आणि १९२२ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. त्याआधीच, ३१ मार्च १९१९ रोजी नवा कायदा संमत झाला होता. नुकसानभरपाई हा सैनिकाचा हक्क आहे, हे त्यात मान्य झाले. आणखी महत्त्वाचे म्हणजे पुराव्याचे ओझे फिरले. सेवेत असताना झालेली दुखापत सेवेमुळेच झाली असे आता गृहीत धरले जाई, आणि तसे नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचे होते. एका वाक्यातल्या या फेरफाराने किती घरांत चूल पेटली असेल, याचा हिशेब कोण करणार?

युद्धात ज्यांचे वडील गेले त्या मुलांसाठी १९१७ मध्येच कायदा झाला होता. अशी मुले राष्ट्राची पाल्ये मानली गेली. त्यांच्या शिक्षणाची, पालनपोषणाची काळजी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत कासँ यांनी अनेक वर्षे काम केले. कासँ दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. पण विधवा आईला अर्ज भरताना संकोच वाटू नये, मुलाला शाळेत कुणी आश्रित म्हणू नये, यासाठी हा माणूस बैठकीमागून बैठका घेत राहिला.

कालचे शत्रू एका टेबलावर

सूडाची भाषा बोलणे त्या दिवसांत सोपे होते. घायाळ सैनिकाला तर तो अधिकारच आहे, असे लोक मानत. कासँ यांनी दुसरी वाट धरली. १९२५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या माजी सैनिकांच्या संघटनांची एक आंतरराष्ट्रीय परिषद जिनिव्हाशी जोडून उभी राहिली. तीत फ्रेंच होते तसे जर्मन आणि ऑस्ट्रियनही होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांवर मशीनगन रोखली होती, ती माणसे आता कृत्रिम पाय, पेन्शन आणि शांतता यांवर चर्चा करू लागली. लाकडी पायाला राष्ट्रीयत्व नसते, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळले होते.

१९२४ पासून १९३८ पर्यंत कासँ राष्ट्रसंघात फ्रान्सच्या शिष्टमंडळाचे सदस्य होते. तिथेच त्यांना आपल्या आयुष्यातला दुसरा मोठा धडा मिळाला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंवरील अन्यायाची तक्रार राष्ट्रसंघापुढे आली. त्या वेळी जर्मनीने घेतलेली भूमिका कासँ आयुष्यभर लोकांना सांगत राहिले. आपल्या घरात घरधनी काय करतो ते शेजाऱ्याने विचारू नये, अशी ती भूमिका. आपल्या गावातही आपण हे ऐकतो. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येतो, आणि त्यांच्या घरचा मामला म्हणून आपण दार लावून घेतो. जगातल्या राष्ट्रांनीही तेच केले. शेजारच्या दाराआड सहा वर्षांत काय तयार झाले, ते १९३९ मध्ये सगळ्यांना दिसले.

१९३८ च्या म्युनिक कराराला कासँ यांनी विरोध केला. शांततेसाठी तेरा-चौदा वर्षे झिजलेल्या माणसाने शांततेच्या नावाखाली झालेला करार नाकारावा, यात विसंगती वाटेल. पण दिलेले वचन मोडून मिळवलेली शांतता त्यांच्या लेखी शांतताच नव्हती.

दोन माणसांचा फ्रान्स

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. मार्शल पेताँ यांनी शस्त्रे खाली ठेवली. कासँ तेव्हा बावन्न वर्षांचे, प्रतिष्ठित प्राध्यापक, पोटाला पट्टा बांधलेले. सँ-झाँ-द-ल्यूझ या बंदरातून पत्नीसह ते एका ब्रिटिश जहाजावर चढले आणि लंडनला पोहोचले. २९ जूनला त्यांची जनरल द गॉल यांच्याशी भेट झाली. द गॉल यांच्याजवळ त्या वेळी ना राज्य होते, ना खजिना, ना म्हणण्यासारखे सैन्य. कासँ यांनी वकिलाला शोभेल असाच प्रश्न विचारला. आपण इंग्रजांच्या फौजेतली एक परकी तुकडी म्हणून लढायचे, की स्वतंत्र फ्रेंच सैन्य म्हणून? द गॉल यांनी सांगितले, की आपणच फ्रान्स आहोत. तिसऱ्या कुणी हा संवाद ऐकला असता तर दोघांना वेड्यात काढले असते.

पण वेडाला कायद्याची चौकट मिळाली की त्याचे राज्य होते! कासँ कामाला लागले. त्यांनी वाटाघाटी करून तयार केलेला करार ७ ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल आणि द गॉल यांच्यात झाला. स्वतंत्र फ्रेंच सैनिक कोणाच्या आज्ञेत राहतील, त्यांचा दर्जा काय, खर्च कोण करील, हे सारे त्यात आले. प्रबंधातला जुना प्रश्नही पुन्हा आला. पेताँ सरकारने राष्ट्राला दिलेले वचन मोडले आहे. मग नागरिकाने त्याची आज्ञा का पाळावी? वैध सरकार कुठले, याचा कायदेशीर युक्तिवाद कासँ यांनी लंडनहून मांडला. रेडिओवरून ते फ्रान्समधल्या माजी सैनिकांशी आणि शिक्षकांशी बोलत.

पेताँ यांच्या विशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहांताची शिक्षा ठोठावली. ज्या देशासाठी पोटात गोळ्या घेतल्या, त्या देशाच्या कागदावर ते आता कोणीच नव्हते. त्याहून मोठा घाव नंतर कळला. नात्यातली वीसहून अधिक माणसे नाझींच्या छळछावण्यांत संपली होती.

पॅरिसची रात्र

युद्धानंतर कासँ फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेचे, म्हणजे कोंसेय देताचे, प्रमुख झाले. १९४४ ते १९६० अशी सोळा वर्षे ते त्या पदावर होते. पण जगाला ते आठवतात ते दुसऱ्या कामासाठी. संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करण्यासाठी एक आयोग नेमला. अध्यक्षपदी अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. त्यांच्याबरोबर चीनचे पी. सी. चँग, लेबननचे चार्ल्स मलिक आणि भारताच्या हंसाबेन मेहता.

पहिला कच्चा मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी केला. जगभरच्या राज्यघटना चाळून त्यांनी हक्कांची लांबलचक यादी बनवली. जून १९४७ मध्ये ती कासँ यांच्या हाती आली. त्यांनी तिला क्रम दिला, प्रस्तावना दिली, आधार दिला. पुढे या जाहीरनाम्याचे जनक म्हणून कासँ यांचेच नाव गाजले आणि हम्फ्री मागे पडले. आज दोघांचे मसुदे उपलब्ध आहेत आणि ते पाहिले की श्रेय वाटून द्यावे लागते. विटा बऱ्याचशा हम्फ्रींच्या, घराचा आराखडा कासँ यांचा, आणि घर उभे करणारे हात अनेक देशांचे. कासँ स्वतः जाहीरनाम्याची तुलना देवळाच्या दर्शनी मंडपाशी करत. खाली प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, समता, बंधुता या पायऱ्या, वर हक्कांचे चार खांब आणि त्यांवर छत.

या मंडपातला एक दगड आपल्याकडचा आहे. कासँ यांच्या मसुद्यातल्या पहिल्या कलमात माणसांसाठी जो शब्द होता त्याचा अर्थ पुरुष असाही होत असे. मुंबईतून घटना समितीवर निवडून गेलेल्या हंसाबेनांनी त्याला हरकत घेतली. स्त्रियांना वगळायला पळवाट मिळेल असा शब्द नको, हे त्यांनी लावून धरले. शेवटी सर्व मानवांचा उल्लेख करणारा शब्द आला आणि आजतागायत तोच आहे. सैनिकांच्या हक्कांसाठी झगडलेल्या पंडिताच्या नजरेतून जे सुटले, ते आपल्या एका बाईने नेमके हेरले.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसच्या शायो प्रासादात मतदान झाले. ४८ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. भारत बाजूने होता. जाहीरनाम्याच्या नावात आंतरराष्ट्रीय या शब्दाऐवजी वैश्विक हा शब्द यावा, हा आग्रह कासँ यांचा. हक्क राष्ट्रांनी आपापसात वाटून घ्यायचे नसून ते जन्मलेल्या प्रत्येकाचे आहेत, असा त्यामागचा विचार. घरधन्याने दार लावून घेतले तरी शेजाऱ्याला आता ते ठोठावता येणार होते.

दिव्याखालचा अंधार

मोठ्या माणसांचे चरित्र सांगताना त्यांच्या उणिवा झाकण्याची आपल्याला सवय आहे. कासँ यांच्या बाबतीत ते योग्य होणार नाही. वैश्विक हक्कांची भाषा बोलणारे कासँ वसाहतींचा प्रश्न आला की फ्रान्सच्या सरकारची बाजू घेत. १९५० मध्ये हक्कांचे करार वसाहतींना आपोआप लागू करावेत की नाही यावर वाद झाला, तेव्हा सर्व समाज एकाच टप्प्यावर नाहीत अशा धर्तीचा युक्तिवाद त्यांनी केला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना तो रुचणे शक्यच नव्हते. पुढे अल्जीरियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याने कैद्यांचा छळ केला, तेव्हा देशाच्या सर्वांत मोठ्या प्रशासकीय न्यायासनावर बसलेल्या या माणसाकडून जितक्या कडक शब्दांची अपेक्षा होती, तितके ते जाहीरपणे बोलले नाहीत. घरधन्याच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्यालाही स्वतःच्या घराचे दार उघडणे जड गेले.

नियतीनेही त्यांची थट्टा केली. कासँ १९५९ पासून युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९६५ ते १९६८ या काळात तर अध्यक्ष. पण ज्या करारावर हे न्यायालय उभे होते, त्याला फ्रान्सने मान्यता दिली ती १९७४ मध्ये. म्हणजे न्यायासनावर बसलेल्या अध्यक्षाचा स्वतःचा देशच त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर! कासँ यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. हा दिवस त्यांनी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी पाहिला.

संध्याकाळ

१९६८ साली, जाहीरनाम्याला वीस वर्षे होत असताना, कासँ यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. या पारितोषिकाच्या आधारावर त्यांनी स्ट्रासबुर्ग येथे १९६९ मध्ये मानवी हक्कांचे शिक्षण देणारी संस्था स्थापली. फ्रान्स आणि जर्मनी ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा लढले, त्या आल्सास प्रांताचे ते मुख्य शहर. आईच्या माहेरचा मुलूख. त्याच वर्षी बावन्न वर्षे साथ देणाऱ्या सिमोन गेल्या. उतारवयात, १९७५ मध्ये, लंडनच्या दिवसांपासून ओळख असलेल्या गिस्लेन यांच्याशी त्यांनी विवाह केला.

जाहीरनामा हे नैतिक वचन होते; कायद्याने बांधणारे नव्हते. ते बंधन आणणारे दोन करार १९६६ मध्ये तयार झाले, पण अमलात यायला आणखी दहा वर्षे लागली. आर्थिक आणि सामाजिक हक्कांचा करार ३ जानेवारी १९७६ रोजी लागू झाला, नागरी आणि राजकीय हक्कांचा २३ मार्च १९७६ रोजी. या दोन तारखांच्या मध्ये, २० फेब्रुवारी १९७६ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे कासँ पॅरिसमध्ये वारले. अर्धे काम डोळ्यांदेखत पूर्ण झाले, अर्धे महिनाभराने. १९८७ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, त्यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये व्हॉल्तेअर, रूसो आणि व्हिक्टर ह्यूगो यांच्या सोबतीला ठेवण्यात आल्या.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सेहेचाळीस गावकऱ्यांची स्मृती आजही जपली जाते. कासँ यांच्या देशासाठी लढायला आपल्याकडचीही माणसे १९१४ च्या त्याच शरद ऋतूत बोटीने मार्सेयला उतरली होती. परतलेल्यांनी आणि मागे राहिलेल्या विधवांनी हातात टोपी घेऊन किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या असतील, ते कुठल्या शिळेवर कोरलेले नसते.

आपल्या देशात पेन्शन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, असा नि:संदिग्ध निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला. त्या पीठाचे प्रमुख होते पुण्याचे सुपुत्र, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. या दिवशी निवृत्त मंडळी पेन्शनर दिन साजरा करतात. घरातल्या आजोबांना त्या दिवशी बँकेत रांगेत उभे राहावे लागले, तर त्यांनी ताठ उभे राहावे. तिथे ते मागायला आलेले नसतात, आपले घ्यायला आलेले असतात. पोटाला पट्टा बांधलेला तो फ्रेंच वकील सारे आयुष्य हेच सांगत होता.